वडिलांचा व्यवसाय

गेल्या आगमनकाळातील गोष्ट. माझ्या नातीचा विवाह ठरला होता. नाताळाची धावपळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही घरच्या मंडळींनी एकदा निवांतपणे एकत्र जेवावे, असे वरपक्षाने सुचविले. व्याही वांद्र्याच्या जुन्या गावठाणातले, सुस्थितीतले आणि मनानेही मोकळे. जेवणाचे आमंत्रण त्यांचे, जागाही त्यांनीच ठरविलेली. मुलाने मला सांगितले, "पप्पा, फोर्टमधलं फ्रेंच रेस्टॉरंट आहे. लहानसं आहे, पण फार नावाजलेलं. कोट घाला."

मी निवृत्त शिक्षक. बाहेर जेवण्याची माझी मजल इराण्याच्या हॉटेलातल्या खिम्यापलीकडे फारशी गेलेली नाही. तरी कोट घातला आणि गेलो.

फोर्टमधली एक अरुंद गल्ली. जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर एक साधे लाकडी दार. बाहेर झगमगाट नाही, मोठी पाटी नाही. आत मात्र निराळेच जग होते. मोजून दहाबारा टेबले, त्यांवर शुभ्र कापड, प्रत्येक टेबलावर मंद दिवा. माणसे बोलत होती, पण आवाज टेबलाबाहेर जात नव्हता. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी घरात जी एक ऊब दाटते, तशी काहीशी ऊब त्या खोलीत होती. आम्ही सात जण. बसल्यावर विहीणबाईंनी हळूच क्रुसाची खूण केली, आम्ही सर्वांनी मनातल्या मनात भोजनापूर्वीची प्रार्थना म्हटली, आणि टोपलीतला पाव हातोहात फिरला. पावाची साल कडक, आत ओलसर जाळी, चवीला किंचित आंबूस. पावाबरोबर लोणी.

माझ्यासमोर काट्याचमच्यांची रांग होती. डावीकडे काटे, उजवीकडे सुऱ्या आणि चमचा. माझ्या सुनेने माझ्याकडे काळजीने पाहिले. पण मी सूपाचा गोल चमचा उचलला, नंतर माशासाठीची बोथट सुरी उचलली. काम संपल्यावर काटा-सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवली. व्याह्यांच्या ते लक्षात आले. "सर, तुम्हांला तर हे सगळं अवगत दिसतं!" ते कौतुकाने म्हणाले.

मी काही बोलण्यापूर्वीच माझा मुलगा अभिमानाने उत्तरला, "आमचे आजोबा मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात होते ना. ऑफिसात. त्यांनीच पप्पांना शिकवलं."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या हातातला घास हातातच राहिला. कारण माझ्या मुलाने सांगितलेले अर्धे खरे होते आणि अर्धे खोटे. आणि ते खोटे त्याचे नव्हते. ते माझे होते. बासष्ट वर्षांपूर्वी मी ते प्रथम उच्चारले होते, आणि पुढे ते घरात आपोआप वाढत गेले.

माझे वडील हॉटेलात होते हे खरे. पण ऑफिसात नव्हते. ते मुदपाकखान्यात होते.

१९३८ च्या सुमारास, एकोणीस वर्षांचे असताना, ते वसईहून मुंबईस गेले. घरची वाडी लहान आणि भावंडे पुष्कळ. एका मोठ्या हॉटेलात त्यांना मसालची म्हणून काम मिळाले. मसालची म्हणजे भांडी घासणारा, भाज्या सोलणारा, सर्वांच्या हाताखालचा. तिथून एकेक पायरी चढत ते सूप आणि सॉस यांच्या चुलीपर्यंत पोहोचले. १९७७ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याच हॉटेलात काम केले. त्या काळी मुंबईच्या बड्या हॉटेलांत साहेबी जेवण म्हणजे फ्रेंच पद्धतीचे जेवण. त्यामुळे सातवी इयत्तेत शाळा सुटलेल्या माझ्या वडिलांच्या तोंडी 'कॉन्सोमे', 'बेशामेल', 'मिरपुवा' असे शब्द असत. त्यांचा अर्थ आम्हां मुलांना कळत नसे, पण ते उच्चारताना त्यांचा चेहरा खुलत असे, एवढे मात्र कळे.

सहा दिवस ते हॉटेलातच राहात. हॉटेलात रविवार फार गर्दीचा, म्हणून त्यांची सुट्टी मंगळवारी असे. सोमवारी रात्री उशिराच्या गाडीने ते वसई रोडला उतरत आणि बुधवारी पहाटेच्या गाडीने परत जात. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत पॉलिश केलेले बूट. रविवारच्या मिस्साला ते गावात कधी दिसत नसत. ते मुंबईत पहाटेच्या मिस्साला जात. गावाला एवढेच ठाऊक, की हा माणूस मुंबईला हॉटेलात आहे. कचेरीत की चुलीपुढे, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

पण एकदा विचारले गेले. १९६२ साली मी आठवीत होतो. गावापासून दूरच्या हायस्कुलात नुकतेच नाव घातले होते. प्रगतिपुस्तकाच्या पहिल्या पानावर रकाने होते: विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय. वर्गशिक्षक एकेकाला उभे करून विचारीत आणि मग आम्ही ते आमच्या हाताने लिहायचे. माझ्या आधीच्या मुलाने सांगितले, "वडील एका शेठच्या बंगल्यावर स्वयंपाकी आहेत." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "मग घरी आई काय करते?" सारा वर्ग हसला. तो मुलगाही कसनुसा हसला. मग माझे नाव पुकारले गेले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हॉटेलात कारकून आहेत."

मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलेही. कोंबडा आरवला नाही. माझी पाळी संपली, पुढच्या मुलाची आली.

प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागे. मंगळवारी मी ते बाबांपुढे ठेवले, ते गुणांच्या पानावर उघडून. बाबांची सवय मात्र कोणतीही गोष्ट पहिल्यापासून पाहण्याची. त्यांनी पहिले पान उलगडले. ओळीवरून त्यांचे बोट हळूहळू सरकत गेले. त्या बोटाच्या पेरावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग होता. बोट एका रकान्यापाशी थांबले. मग त्यांनी खिशातले पेन काढले, सही केली, आणि पुस्तक मला परत देत म्हणाले, "अक्षर सुरेख आहे तुझं."

एवढेच. पुढची सतरा वर्षे ते जगले, पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. मी शिकलो, शिक्षक झालो, मालाडला बिऱ्हाड केले. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना, १९७९ साली, बाबा देवाघरी गेले. आजोबा काय करीत, असे मुलाने पुढे विचारले तेव्हा माझ्या तोंडून सहज निघाले, "हॉटेलात होते, ऑफिसात." माझ्या पत्नीला खरे ठाऊक होते. तिने माझ्याकडे एकवार पाहिले आणि ती उठून आत गेली. तीही आता नाही.

हे सारे त्या टेबलापाशी, त्या मंद दिव्याच्या उजेडात, मला आठवत होते. वाढपी तरुणाने माझ्यापुढे सूप आणून ठेवले तेव्हाच खरे तर आठवणींना सुरुवात झाली होती. ते कांद्याचे सूप होते. जाड वाडगा, वर भाजलेल्या पावाचा काप, त्यावर वितळून सोनेरी झालेले चीज. चमच्याने ते कवच फोडले आणि जो वास आला तो मी ओळखला. एका नाताळात बाबांना दोन दिवसांची रजा मिळाली होती. तेव्हा आमच्या घरच्या मातीच्या चुलीवर त्यांनी हे सूप केले होते. आईचा जीव वर-खाली होत होता, कारण एवढ्या कांद्यांत आमचा आठवडा निघाला असता. तासभर ते चुलीपाशी उकिडवे बसून होते. जाळ अगदी मंद. पातेलेभर चिरलेला कांदा लोण्यात हळूहळू मऊ होत, बसत, पाव पातेल्यावर आला आणि त्याचा रंग गुळासारखा झाला. मी म्हटले, "बाबा, जाळ वाढवू का?" ते म्हणाले, "कांद्याला घाई सोसत नाही. घाई केली तर जळतो, गोड होत नाही."

मोठेपणी वाचनात आले, की हे सूप मुळात श्रीमंतांचे नव्हेच. पॅरिसमध्ये 'ले आल' नावाचा जुना अवाढव्य बाजार होता. १९६९ साली तो शहराबाहेर हलविण्यात आला. तोवर तिथे रात्रभर मांस, मासळी, भाजीच्या ओझ्यांची चढउतार चाले. पहाटे थंडीने गारठलेले हमाल आजूबाजूच्या खाणावळींत हेच कांद्याचे सूप पीत. शिळा पाव, कांदा आणि हाडांचे पाणी, एवढाच त्याचा ऐवज. त्या रात्री आमच्या टेबलावर आलेला दुसरा पदार्थही तसाच. 'कोक ओ व्हँ', म्हणजे वाइनमध्ये शिजविलेला कोंबडा. म्हाताऱ्या कोंबड्याचे चिवट मांस तासन्‌तास मुरवून आणि शिजवून मऊ करण्याची ही शेतकऱ्यांची युक्ती. बाबा सांगत, की १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर त्यांच्या चुलीवरची वाइन आटली. मग द्राक्षांचा रस आणि थोडे व्हिनेगर यांवर ते वेळ मारून नेत. "चव येते," ते म्हणत, "पण खोल जात नाही."

'रेस्टॉरंट' या शब्दाचाच मूळ अर्थ ताकद भरून आणणारे, असा आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसांसाठी मांसाचा जो सकस रस्सा विकला जाई, त्याला ते नाव होते. पुढे ते नाव रश्श्यावरून जागेला चिकटले. १७८९ च्या राज्यक्रांतीने उमरावांचे वाडे ओस पडले. तिथल्या काही आचाऱ्यांनी शहरात आपली भोजनगृहे थाटली, आणि जे जेवण पूर्वी राजवाड्यात मिळे ते पैसे मोजणाऱ्या कोणालाही मिळू लागले. आज जगभर ज्या शिस्तीने मोठी स्वयंपाकघरे चालतात ती शिस्त ऑग्यूस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने घालून दिली. सॉस करणारा निराळा, भाजणारा निराळा, मिष्टान्नाचा निराळा, आणि सर्वांवर एक प्रमुख. लष्करातल्या तुकडीसारखी ही रचना. त्याचा स्वयंपाकावरचा प्रमाणग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. योगायोगाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल मुंबईत उघडले. बाबांचे हॉटेल ते नव्हे, पण त्यांच्या मुदपाकखान्यातही तीच शिस्त होती. आचारी हा समाजात मान असलेला माणूस असावा, ही एस्कोफिएची तळमळ होती. फ्रान्सने त्याला आपला मोठा राष्ट्रीय सन्मान दिला. हे वाचले तेव्हा मला बाबांचा इस्त्रीचा सदरा आठवला होता. तरीही मी मुलाला काही सांगितले नव्हते.

व्याही माझ्या उत्तराची वाट पाहात होते. माझा मुलगा हसत माझ्याकडे पाहात होता. प्रश्न कोणी विचारलेलाही नव्हता. मी नुसते "हो" म्हटले असते, नव्हे, गप्प राहिलो असतो, तरी विषय पुढे गेला असता. बाबा सही करून गप्प राहिले, तसाच मीही गप्प राहू शकत होतो. पण त्यांच्या गप्प राहण्यात क्षमा होती. माझ्या गप्प राहण्यात काय असते?

मी काटा खाली ठेवला. "नाही," मी म्हणालो. "ऑफिसात नव्हते. माझे वडील स्वयंपाकी होते. मसालची म्हणून लागले आणि सॉसच्या चुलीवरून निवृत्त झाले. आज आपण जे जेवतो आहोत ते माझे वडील चाळीस वर्षे रांधत होते. ते जेवणाऱ्यांच्या दालनात एकदाही बसले नाहीत."

क्षणभर कोणी बोलले नाही. मुलाचा चेहरा मला पाहवला नाही. त्याने आयुष्यभर खरे मानलेली एक गोष्ट मी परक्या मंडळींसमोर काढून घेतली होती. विहीणबाई प्रथम बोलल्या. "माझे आजोबा बोटीवर भांडारी होते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातही कोणी ते सांगत नाही." आणि त्या हसल्या. त्या हसण्यात उपहास नव्हता. व्याही आपल्या पत्नीकडे नवलाने पाहू लागले. बहुधा त्यांनीही ते प्रथमच ऐकले असावे.

नातीने मात्र माझा हात धरला आणि एकामागून एक प्रश्न विचारले. पणजोबा काय काय करायचे? मी सांगत गेलो. कॉन्सोमे हा रस्सा काचेसारखा नितळ कसा होतो ते सांगितले. गार रश्श्यात खिमा आणि अंड्याचा पांढरा बलक मिसळून ते मंद आचेवर चढवायचे. बलक आवळत वर येतो, सारा गाळ आपल्यात धरून तवंगासारखा तरंगतो आणि खाली निवळ रस्सा राहतो. जोरात उकळला की तवंग फुटतो आणि सारी मेहनत वाया जाते. "रस्सा उकळू द्यायचा नाही, नुसता हसू द्यायचा," हे बाबांचे वाक्य सांगितले. आमच्या ओट्यावर शिंदीच्या काड्या मांडून ते काट्याचमच्यांचा क्रम शिकवीत, बाहेरून आत यायचे म्हणत, तेही सांगितले. "कधी कोणी मोठ्या जागी बोलावलं तर लाज वाटायला नको," असे ते त्या वेळी म्हणत. कोणाला लाज वाटायला नको, हे मला तेव्हा कळले नव्हते.

शेवटी 'क्रेम कारामेल' आले. आपण ज्याला कॅरॅमल कस्टर्ड म्हणतो तेच. भांडे जाळावर न ठेवता गरम पाण्यात ठेवून ते शिजवितात. फ्रेंच भाषेत त्या पद्धतीला 'मारियेचे स्नान' म्हणतात. परंपरेने ते नाव प्राचीन काळच्या मारिया नावाच्या एका ज्यू किमयागार स्त्रीशी जोडले जाते. बाबांना ते ठाऊक नव्हते. ती आपली मारियामाताच, अशी त्यांची समजूत होती, आणि ते भांडे पाण्यात ठेवताना 'नमो मारिया' पुटपुटत. हे ऐकून सारे हसले. माझा मुलगाही हसला. त्याचे डोळे भरले होते.

निघताना मी वाढप्याला विचारले, की स्वयंपाक करणाऱ्यांना भेटता येईल का. आतून मुख्य आचारी आला. तिशीचा तरुण, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर भाजल्याचे दोन ताजे चट्टे. काही चुकले की काय, अशा नजरेने तो पाहात होता. मी उठून उभा राहिलो. माझ्यामागे माझा मुलगा उभा राहिला, मग बाकीचे. "कांदा छान जमला आहे," मी म्हणालो. "तास लागला असेल." तो म्हणाला, "दीड तास, अंकल. इथे कोणी विचारत नाही."

त्या रात्रीचे बिल किती झाले ते व्याह्यांनी दाखविले नाही. माझ्या नोकरीतल्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या पगाराहून ते कमी नसावे. महागड्या भोजनगृहांत जावे की जाऊ नये, हा वाद मी घालीत नाही. ज्याला परवडते त्याने जावे, आनंदाने जेवावे. पण भोजनापूर्वीच्या प्रार्थनेत आपण अन्न देणाऱ्या परमेश्वराचे आभार मानतो, तेव्हा ते अन्न ज्याच्या भाजलेल्या हातांतून आले त्याचीही आठवण ठेवावी. आणि तो हात आपल्याच घरचा असेल, तर ते लपवू नये.

गाडीत नातीने विचारले, "आजोबा, पणजोबांचं कस्टर्ड कसं करायचं? माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरी करू या." मी सांगू लागलो आणि थांबलो. साखर किती काळपट होऊ द्यायची, अंडी किती, दूध किती आटवायचे, यांतले मला काहीच ठाऊक नव्हते. बाबांना मी ते कधी विचारलेच नव्हते. विचारले असते तर त्यांनी किती आनंदाने सांगितले असते!

ते प्रगतिपुस्तक आता माझ्याजवळ नाही. असते तर सुरेख अक्षरात लिहिलेला तो रकाना मी खोडला असता. ते शक्य नाही, म्हणून हे लिहिले. वडिलांचा व्यवसाय: स्वयंपाकी.